बारामतीच्या एका पुराणिकानं स्वतःला ‘मयूर’ म्हणवून घेतलं, त्या नावामागं काय काय दडलंय?

बारामती म्हटलं की काय आठवतं? ऊस, साखर कारखाने, कॉलेजं आणि राजकारण. इंदापूरकडून भवानीनगरमार्गे बारामतीला येताना गळिताच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, हवेत मळीचा वास असतो आणि दोन्ही बाजूला हिरवंगार रान असतं. याच भागात एक माणूस चाळीसेक वर्षं बसून फक्त कविता लिहीत होता, आणि त्यात त्यानं अख्खं महाभारत मराठीत आणलं, हे पटकन डोळ्यांपुढं येत नाही.

त्या माणसाचं नाव मोरेश्वर रामाजी पराडकर. मराठी जगाला माहीत असलेलं नाव मोरोपंत. आणि त्यांनी स्वतः आपल्या कवितेत वापरलेलं नाव, मयूर.

आता तुम्ही म्हणाल, मोरोपंत म्हणजे मोर आणि मोर म्हणजे मयूर, यात काय विशेष? सोपा शब्दखेळ आहे. आहेच. पण मोरोपंतांनी या शब्दखेळाचं जे केलं, ते करायला त्यांना सगळं आयुष्य लागलं. कवीच्या किंवा नायकाच्या नावाला कायमचं चिकटलेलं विशेषण, म्हणजे बिरुद, कवितेत नेमकं काय काम करतं हे समजून घ्यायचं असेल, तर मराठीत मोरोपंतांइतकं चांगलं उदाहरण नाही. म्हणून त्यांचं आयुष्य या एका नावाच्या अंगानं बघू.

मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळगडावरचा. घराणं मूळचं कोकणातलं, कऱ्हाडे ब्राह्मणांचं. वडील रामजीपंत पन्हाळ्याला नोकरीत होते. तिथंच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या दोन विद्वान भावांकडं मोरोपंत शिकले. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदांत, सगळं संस्कृतातून. त्या काळातल्या हुशार ब्राह्मण मुलाला जे शिक्षण मिळायचं ते त्यांना मिळालं, पण जरा जास्त कसून.

पुढं वडील बारामतीला नाइकांच्या पदरी गेले आणि चोविसाव्या वर्षाच्या आसपास मोरोपंतही बारामतीला आले. हे नाईक म्हणजे साधी असामी नव्हती. बाबूजी नाईक जोशी हे मोठे सावकार. पहिल्या बाजीरावाला कर्ज देणाऱ्यांपैकी एक. त्यांचे भाऊ आबाजी नाईक यांना बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली. म्हणजे पेशव्यांचे सोयरेही आणि सावकारही. १७४० मध्ये बाजीराव वारला तेव्हा पेशवेपद त्याच्या मुलाला न देता बाबूजी नाइकांना द्यावं, असा जोर रघूजी भोसल्यांनी लावला होता. तो डाव फसला आणि नानासाहेब पेशवा झाला. पुण्याची गादी हुकलेल्या या माणसाच्या वाड्यात, कऱ्हा नदीच्या काठावर, मोरोपंतांना पुराणिकाचं काम मिळालं.

पुराणिकाचं काम म्हणजे काय, तर रोज पोथी लावायची, संस्कृत श्लोक म्हणायचा आणि समोर बसलेल्यांना त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. समोर कोण? यजमान, घरातल्या बायका, कारकून, शेजारीपाजारी. त्यातल्या बहुतेकांना संस्कृत येत नाही. मला वाटतं मोरोपंतांची सगळी कविता या बैठकीतून निघाली आहे. त्यांना ‘पंडित कवी’ म्हणून जरा लांबच ठेवलं जातं, पण त्यांची रोजची भाकरी ही पंडितांना प्रभावित करण्यावर नाही, तर न शिकलेल्या माणसाला महाभारत समजावून सांगण्यावर अवलंबून होती.

आता नावाकडं येऊ. मोरेश्वर हे नाव या भागात आजही सापडतं, कारण मोरगावचा गणपती. अष्टविनायकातला पहिला मयूरेश्वर याच कऱ्हेच्या काठी, आजच्या बारामती तालुक्यात आहे. गणपतीनं मोरावर बसून सिंधू नावाच्या असुराला मारलं अशी तिथली कथा. म्हणजे पन्हाळ्यावर जन्मलेला मोरेश्वर नावाचा मुलगा नोकरीसाठी नेमका मयूरेश्वराच्या नदीवर येऊन पडला. (याच तालुक्यात सुपे गावाजवळ मयूरेश्वर नावाचं छोटं अभयारण्य आहे. नाव मोराचं, पण लोक तिथं चिंकारा बघायला जातात.)

पण नावाचा योगायोग असणं वेगळं आणि त्याचं बिरुद करणं वेगळं. इथं थोडं बाहेरच्या जगात जावं लागेल, कारण बिरुदाचा हा उद्योग फक्त आपल्याकडचा नाही.

लॅटिन कवितेत नायकाच्या नावाआधी एक ठरलेलं विशेषण येतं. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण व्हर्जिलच्या महाकाव्यातलं. त्याचा नायक आयनेआस, ट्रॉय जळाल्यावर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन बाहेर पडणारा. व्हर्जिल त्याला पुन्हा पुन्हा ‘पिउस’ म्हणतो. या शब्दाचं भाषांतर नुसतं धार्मिक किंवा भाविक असं केलं तर फसतं. देव, बाप आणि आपली माणसं या तिघांचं देणं जो विसरत नाही, तो पिउस. आपल्याकडं श्रावणाच्या कावडीची गोष्ट ऐकलेल्या माणसाला हे विशेषण चटकन कळेल.

असं विशेषण परत परत का वापरायचं? एक कारण अर्थाचं आहे. नायक कोण आहे याची आठवण राहते. आणि गंमत तेव्हा येते, जेव्हा नायक त्या विशेषणाला न शोभणारं काही करतो. व्हर्जिलचा आयनेआस आपल्यावर जीव लावलेल्या राणीला सोडून निघून जातो, आणि नेमक्या त्या जागी कवी त्याला पिउस म्हणतो. वाचणारा अडखळतो. कर्तव्य म्हणून बरोबर, पण माणूस म्हणून? एका शब्दात सगळा प्रश्न उभा राहतो.

दुसरं कारण मात्र अगदी सुताराच्या कामासारखं आहे. मापाचं. लॅटिन कविता आपल्या संस्कृत-मराठी कवितेसारखीच ऱ्हस्व-दीर्घ मोजून बांधलेली असते. ओळीत जागा उरली की त्या मापाचं विशेषण बसवायचं. मोरोपंतांचा धंदा नेमका हाच होता, त्यामुळं तो जरा नीट बघू.

मोरोपंत ज्या वृत्तासाठी ओळखले जातात ते म्हणजे आर्या. हे मात्रावृत्त आहे. ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा, दीर्घाची २. शास्त्राप्रमाणं आर्येच्या पहिल्या अर्ध्या भागात ३० मात्रा आणि दुसऱ्यात २७. मोरोपंत बहुतेक वेळा दोन्हीकडं ३० मात्रा ठेवतात, त्याला खरं तर गीती म्हणतात. पण मराठीत तिलाच आर्या म्हणायची सवय पडली, आणि ही सवय लावणारे मोरोपंतच.

आता समजा, अर्जुनाचं नाव ओळीत आणायचं आहे. ‘अर्जुन’ या शब्दाच्या ४ मात्रा होतात. जागा ३ मात्रांचीच असेल तर? मग ‘पार्थ’. ५ मात्रांची असेल तर ‘किरीटी’ किंवा ‘धनंजय’. ७ असतील तर ‘सव्यसाची’. महाभारताच्या विराटपर्वात अर्जुन उत्तराला आपली १० नावं सांगतो, प्रत्येक नावाचं कारण सांगतो. त्या प्रसंगात ते शौर्याचं वर्णन असतं. कवीच्या दृष्टीनं मात्र ती वेगवेगळ्या मापांच्या पान्यांनी भरलेली पेटी आहे. सुमारे १७ हजार आर्यांमध्ये अख्खं महाभारत बसवणाऱ्या मोरोपंतांनी ही पेटी किती वेळा उघडली असेल, याची कल्पना करा. या ग्रंथाला ‘आर्याभारत’ म्हणतात.

फक्त मापासाठी नाव घालणारा कवी आणि माप साधून अर्थही साधणारा कवी, यात फरक असतो. अर्जुन रडत असताना त्याला किरीटी म्हणायचं की पार्थ म्हणायचं? किरीटी म्हटलं तर मुकुट दिसतो. पार्थ म्हटलं तर आई, पृथा म्हणजे कुंती, दिसते. मोरोपंत चांगले असतात तेव्हा ही निवड अचूक असते. ते थकलेले असतात तेव्हा नुसतं यमक जुळतं. आणि पाऊण लाखाच्या घरात पद्यं लिहिणारा माणूस अधूनमधून थकणारच.

या मापाच्या खेळात त्यांनी एक अचाट प्रकार केला. मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. मंत्ररामायण, दामरामायण, परंतुरामायण, लघुरामायण अशी त्यांची नावं. प्रत्येकात काहीतरी वेगळी अट. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठ न लावता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म ही अक्षरंच वापरायची नाहीत.

थोडं थांबा आणि विचार करा. ‘म’ नाही. म्हणजे ‘राम’ नाही! रामायण लिहायचं आणि रामाचं नाव घ्यायचं नाही. लक्ष्मण नाही, भरत नाही, बिभीषण नाही, कुंभकर्ण नाही, मारुती नाही. मग काय उरतं? बिरुदं उरतात. ‘जानकीनाथ’ म्हणताना ओठ ओठाला लागत नाही, म्हणून बघा. ‘दशानन’ म्हणतानाही नाही. नाव काढून घेतलं तर माणूस त्याच्या नात्यांनी आणि गुणांनीच ओळखावा लागतो. बिरुदाची ताकद समजावून सांगायला इतकी चांगली रचना दुसरी सुचत नाही. आणि जाता जाता, या नियमात कवीचं स्वतःचं नावही बसत नाही. मोर, मयूर, मोरोपंत, तिन्ही ‘म’ पासूनच.

हा प्रकार त्यांच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालेला नव्हता. संस्कृतात दंडीच्या दशकुमारचरितात एक राजकुमार आपली सगळी गोष्ट ओष्ठ्य अक्षरं टाळून सांगतो, कारण प्रेयसीनं चावल्यामुळं त्याचे ओठ दुखत असतात. दंडीनं शृंगारासाठी वापरलेली युक्ती बारामतीच्या पुराणिकानं रामकथेला लावली, यात मोरोपंतांचा स्वभाव दिसतो.

तर मयूर. ‘मयूर’ या शब्दाच्या मात्रा मोजल्या तर ४ भरतात. लघू, गुरू, लघू. छंदशास्त्रात याला ज-गण म्हणतात. आर्येच्या जुन्या नियमात हा गण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम जागी चालत नाही, पण सहाव्या जागी एक तर ज-गणच लागतो, नाही तर चार लघू अक्षरं. म्हणजे हे नाव आर्येत कुठंही ठोकून बसवता येत नाही, पण एक जागा अशी आहे जी जणू त्याचीच वाट बघत असते. हे वाचून मोरोपंतांनी नाव याच कारणानं निवडलं असं समजू नका. इतकंच, की असल्या गोष्टी त्यांच्या बोटांवर होत्या.

खरी गोम अर्थात आहे. आणि ती कळते त्यांच्या उतारवयातल्या ‘केकावली’त.

केका म्हणजे मोराचं ओरडणं. आवली म्हणजे ओळ, माळ. मोराच्या हाकांची माळ, ती केकावली. पृथ्वी वृत्तात रचलेलं, १२० च्या आसपास श्लोकांचं हे देवाला केलेलं आर्जव आहे. या नावाबरोबर ‘मयूर’ हे बिरुद एकदम उलगडतं. मोर कुणाला हाक मारतो? ढगाला. आणि आपल्याकडं देवाचं एक नाव काय? घनश्याम. ढगासारखा सावळा. म्हणजे कवी मोर झाला की देव आपोआप मेघ होतो, आणि कविता म्हणजे पावसासाठी मारलेली हाक होते. एका नावातून कवी, देव आणि कविता, तिघांची जागा ठरली.

इथं भूगोल विसरून चालणार नाही. आज आपण बारामती-इंदापूरचा हिरवा पट्टा बघतो तो कालव्यामुळं. नीरा डावा कालवा सुरू झाला १८८५ मध्ये, मोरोपंत गेल्यानंतर ९१ वर्षांनी. सहकारी कारखाने तर त्याच्याही कितीतरी नंतरचे. मोरोपंतांची बारामती ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली, आकाशाकडं डोळे लावून बसलेली, बाजरी-ज्वारीची बारामती होती. अशा गावात ढगाची वाट बघणं हा काही नुसता संस्कृत कवींकडून उसना घेतलेला संकेत नसतो. समोर पुराण ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला ती वाट बघणं माहीत होतं.

अजून एक बाब. मोर दिसायला देखणा, पण त्याचा आवाज? शास्त्रात षड्ज, म्हणजे ‘सा’, मोराचा स्वर मानला आहे. पण प्रत्यक्षात पहाटे शेतात ज्यानं मोर ओरडताना ऐकलाय त्याला विचारा, कानठळ्या बसतात. कवीला गोडच पक्षी हवा असता तर कोकिळा होती. मोरोपंतांनी आपल्या कवितेला कूजन म्हटलं नाही, केका म्हटलं. माझं गाणं गोड आहे म्हणून ऐक, असं त्यात नाही. मी तहानलेला आहे म्हणून ऐक, असं आहे. ज्याला आयुष्यभर शब्दांची कसरत करणारा म्हणून ओळखलं गेलं, त्यानं स्वतःसाठी निवडलेलं नाव मात्र आवाजाच्या सौंदर्याचा दावा सोडून देणारं होतं.

देवाशी त्यांचं बोलणंही असंच सरळ असायचं. ‘संशयरत्नमाला’ नावाच्या रचनेत ते देव आपल्या हाकेला का येत नाही याच्या शंका एकामागून एक मांडतात. प्रत्येक शंका म्हणजे माळेतलं एक रत्न. सावकाराच्या वाड्यात बसलेल्या माणसानं देवाला असा हिशोब विचारावा, हे मला फार आवडतं.

आता गंमत बघा. लॅटिन कवितेच्या अगदी सुरुवातीलाही एक मोर बसलेला आहे. रोमन लोक ज्याला आपल्या कवितेचा बाप मानत, तो एन्निउस, इसवी सनपूर्व २३९ मध्ये दक्षिण इटलीत जन्मला. त्याला ग्रीक, ऑस्कन आणि लॅटिन अशा तीन भाषा येत, म्हणून आपल्याला तीन काळजं आहेत असं तो म्हणायचा. ग्रीकांचं मोठं वृत्त लॅटिनमध्ये त्यानं रुजवलं. आणि आपल्या महाकाव्यात त्यानं एक स्वप्न सांगितलं. त्यात होमर येतो आणि सांगतो की त्याचा आत्मा आधी एका मोरात होता आणि आता एन्निउसमध्ये आला आहे.

म्हणजे रोमच्या कवीला मोर हवा होता तो वारसा सिद्ध करायला. मी होमरच आहे, मधे फक्त मोराचा एक जन्म झाला. बारामतीच्या कवीला मोर हवा होता तो गरज सांगायला. पक्षी तोच, पण एकानं त्याच्याकडून वंशावळ मागितली आणि दुसऱ्यानं फक्त आवाज. नंतरच्या काळात पर्सियस नावाच्या रोमन कवीनं एन्निउसच्या या मोराची टिंगल केली. होरेस या दुसऱ्या मोठ्या रोमन कवीनं तर एका कवितेत आपण हंस होऊन उडून जाणार अशी कल्पना केली. पक्षी होण्याची हौस कवींना सगळीकडंच दिसते.

आर्या वृत्ताबद्दलही एक सांगायला हवं. मोरोपंतांनी ते संस्कृतातून मराठीत आणलं असं आपण म्हणतो, पण आर्येची सख्खी बहीण म्हणजे प्राकृतातली गाथा. आणि गाथेचा सगळ्यात प्रसिद्ध संग्रह म्हणजे सातवाहन राजा हालाच्या नावावरची गाथासप्तशती, महाराष्ट्री प्राकृतातली. म्हणजे हे वृत्त याच मातीत दीड हजार वर्षांपूर्वी नांदून गेलेलं होतं. मोरोपंतांनी पाहुणा आणला नाही, माहेरवाशीण परत आणली.

पण ती लोकांपर्यंत पोचली कशी? छापखाना नाही, पोथी हातानं उतरवायची. इथं सोलापूरचे राम जोशी येतात. लावण्या रचणारे, डफावर गाणारे शाहीर. वयानं मोरोपंतांहून बरेच लहान. ब्राह्मण असून तमाशात रमले म्हणून घरच्यांनी दूर केलेले, आणि पुढं कीर्तनकार झालेले. त्यांनी आपल्या कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या गायला सुरुवात केली आणि त्या गावोगाव गेल्या. मोरोपंतांनी राम जोशींना ‘कविप्रवर’ म्हटलं, असं परंपरा सांगते. बारामतीच्या पंडितानं तमाशातल्या शाहिराला श्रेष्ठ कवी हे बिरुद द्यावं, हे त्या काळात छोटं पाऊल नव्हतं. (राम जोशींवर १९४७ मध्ये सिनेमा आला, ‘लोकशाहीर राम जोशी’. त्यामुळं आज बारामतीच्या कवीपेक्षा सोलापूरच्या शाहिराचा चेहरा लोकांना जास्त आठवतो.)

नंतर मराठी कवितेच्या अभ्यासात संत, पंत आणि तंत अशा तीन पेट्या झाल्या. संत म्हणजे ज्ञानेश्वर-तुकाराम, पंत म्हणजे वामनपंडित-मोरोपंत, तंत म्हणजे तंतुवाद्यावर गाणारे शाहीर. परीक्षेला सोयीचं. पण पंत कवीचा पसारा तंत कवीनं पसरवला आणि पंतानं त्याला मान दिला, हे त्या पेट्यांमध्ये कुठंच बसत नाही.

१७९४ च्या चैत्र पौर्णिमेला मोरोपंत बारामतीतच गेले. वय ६५. पानिपत होऊन गेलं होतं, चार पेशवे गेले होते, खर्ड्याची लढाई अजून वर्षभर लांब होती. यातलं फारसं काही त्यांच्या कवितेत येत नाही. कुणाला हा दोष वाटेल. मला वाटतं पुराण सांगणाऱ्याचं काम रोजच्या बातम्या सांगण्याचं नव्हतं आणि ते त्यांनी स्वतःकडं घेतलंही नाही.

मेल्यावर मात्र त्यांच्या नावावरून भांडणं सुरू झाली. १८५४ मध्ये परशुरामपंत गोडबोल्यांचा ‘नवनीत’ हा निवडक कवितांचा संग्रह आला. शाळेत तो वर्षानुवर्षं चालला, आणि मोरोपंत पाठांतराचा विषय झाले. कुठल्याही कवीचं याहून मोठं नुकसान करता येत नाही. इंग्रजी शिकलेल्या पिढीला ही यमकं कृत्रिम वाटू लागली. तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त मोरोपंतांच्या कवितेवर विस्तारानं लिहिलं आणि त्यांची बाजू जोरात मांडली. पण वारं फिरलं होतं. आधुनिक मराठी कवितेची सुरुवात साधारण १८८५ पासून धरतात, केशवसुतांपासून. नीरा कालव्याचं पाणी आलं तेच वर्ष. १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी मोरोपंतांचं मोठं चरित्र लिहिलं, तोवर मोरोपंत हे आवडीनं वाचायचे कवी कमी आणि अभ्यासायचे कवी जास्त झाले होते.

विरोधकांचा मुद्दा खोटा नव्हता. आर्याभारतात सलग पानंच्या पानं वाचताना दम लागतो. शब्द इतके दाबून भरलेले असतात की एकेक आर्या सोडवावी लागते. पण त्या चिकट्यातूनच मधे एखादी आर्या अशी येते की दोन ओळींत महाभारताचा अख्खा प्रसंग उभा राहतो. सतरा हजारांत अशा किती, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असेल. ते शोधायला आधी वाचायला हवं, आणि तिथंच सगळं अडतं.

दरम्यान ज्ञानेश्वरांची ओवी, तुकारामांचा अभंग, वामनपंडितांचा श्लोक आणि मयूरपंतांची आर्या अशी वाटणी करणारं एक जुनं पद्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं गेलं. त्यात त्यांचं नाव मोरोपंत असं येत नाही, मयूरपंत असंच येतं. कवीनं स्वतःला दिलेलं बिरुद लोकांनी मान्य केल्याची याहून चांगली पावती नाही.

एन्निउसच्या १८ खंडांच्या महाकाव्यातल्या आज जेमतेम ६०० ओळी उरल्या आहेत, त्याही दुसऱ्यांनी आपल्या लिखाणात घेतल्या म्हणून. रोमन लोकांनी बाप म्हणून मान दिला, पण पोथ्या उतरवायचं सोडून दिलं. मोरोपंतांची गोष्ट उलटी आहे. पोथ्या आहेत, छापील खंड आहेत, ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर आहेत.

फळीवरून खाली उतरलेला एक श्लोक मात्र तुम्हीही बहुधा म्हटला असेल. चांगल्या माणसांची संगत मिळो, चांगलं कानावर पडो, अशी मागणी करणारा केकावलीतला श्लोक महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांत सकाळची प्रार्थना म्हणून म्हटला जातो. मुलं हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात म्हणतात. कुणाचा, कुठल्या गावात लिहिलेला, हे सहसा कुणी सांगत नाही. प्रार्थना संपते, मुलं वर्गात जातात आणि बाई हजेरी घ्यायला लागतात.